पफचा डबा उघडण्याआधी

गणपतीला दीड महिना उरला की माझ्या वर्कशॉपचा फोन वाजायला लागतो. "दादा, तो फोम कुठे मिळतो हो? दोन डबे मिसळले की फुगतो तो?" विचारणारे कधी मंडळाचे कार्यकर्ते असतात, कधी एकांकिका बसवणारी कॉलेजची मुलं, कधी घरच्या घरी डेकोरेशनचा धंदा सुरू केलेली एखादी ताई. दुकान मी सांगतोच, पण त्याआधी दहा मिनिटं डोकं खातो. या वर्षी ते दहा मिनिटांचं डोकं खाणं लिहूनच काढतोय. दोन डबे घरी आणायच्या आधी एवढं वाचा, ही विनंती.

बाजारात याला पफ म्हणतात, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. तुमच्या फ्रीजच्या भिंतीत, कोल्ड स्टोरेजच्या पॅनेलमध्ये, मासळीच्या इन्सुलेटेड पेट्यांत जो पिवळट कडक फोम असतो, तोच हा. एका डब्यात पॉलिओल असतं, मधाच्या रंगाचं. दुसऱ्यात आयसोसायनेट. धंद्यात त्याला नुसतं आयसो म्हणतात, आणि दिसायला ते थेट काकवीसारखं. दोन्ही मिसळून ढवळलं की पंधरा-वीस सेकंदांत रंग फिका पडतो, मिश्रण लोण्यासारखं दिसायला लागतं आणि मग दूध उतू यावं तसं वर येतं. पहिल्यांदा पाहणारा हमखास हसतो. मीही हसलो होतो.

या रसायनाचा जनक ऑटो बायर. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला त्याने ते शोधलं. बायर कंपनीच्या मूळ घराण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आडनाव तेवढं एक. सुरुवातीच्या नमुन्यांत बुडबुडे राहायचे, तेव्हा "याचं फार तर नकली स्विस चीज होईल" असा शेरा पडला होता, असं सांगतात. त्या बुडबुड्यांवरच पुढे अख्खा फोमचा धंदा उभा राहिला. पण बुडबुडा आपल्या मर्जीने यायला हवा. सगळं कसब तिथे आहे आणि धोकाही तिथेच.

आधी सोपी गोष्ट, हिशोबाची. लोक अंदाजाने ओततात. कढीत पाणी वाढवावं तसं "अजून थोडं" चालतं. इथे ते चालत नाही.

एका नाटकासाठी आम्हाला वरवंटा करायचा होता. बाईने रागाच्या भरात तो उचलून आपटायचा, असा प्रसंग. खरा वरवंटा साच्यासाठी घेतला, त्याचं आकारमान जवळजवळ दोन लिटर. काळा दगड, म्हणजे वजन साडेपाच किलोच्या वर. रोजच्या तालमीत आणि पन्नास प्रयोगांत तो कोण उचलणार, आणि चुकून सहकलाकाराच्या पायावर पडला तर? म्हणून पफ. आमच्या फोमची घनता होती घनमीटरला ८० किलो. हा आकडा डब्यावर किंवा माहितीपत्रकात असतो आणि त्याची एक गंमत आहे. घनमीटरला ८० किलो म्हणजेच लिटरला ८० ग्रॅम. दोन लिटरच्या साच्याला १६० ग्रॅम झाले. साचा बंद असल्यामुळे फोमला कोपऱ्याकोपऱ्यात दाबून बसवायचं तर साधारण पंधरा टक्के जास्त माल घ्यावा लागतो. म्हणजे १८४ ग्रॅम. आमच्या मालाचं प्रमाण वजनाने शंभर भाग पॉलिओलला एकशेदहा भाग आयसो असं होतं. म्हणून ८८ ग्रॅम एक आणि ९६ ग्रॅम दुसरं. वर ग्लासला चिकटून राहतं ते वेगळं, त्यासाठी थोडं वाढवून घ्या. साडेपाच किलोचा वरवंटा दोनशे ग्रॅमच्या आत आला.

तुमच्या डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल. ते वजनाने आहे की मापाने, हे दोनदा वाचा. दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते, म्हणून "निम्मं-निम्मं" हे ग्लासाने मोजलं तर एक आणि काट्यावर मोजलं तर दुसरंच होतं. ए आणि बी या अक्षरांवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. अमेरिकेच्या पद्धतीत आयसोला ए म्हणतात, युरोपात बऱ्याचदा उलट. डब्यावर मार्करने मराठीत ठळक लिहून ठेवा: हे आयसो, हे पॉलिओल. स्वयंपाकघरातला काटा मात्र वापरू नका. एक वेगळा घ्या आणि तो पुन्हा कधी स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

साच्याचं आकारमान मोजायला लोक पाणी भरतात. भरा, पण मग साचा दोन दिवस वाळू द्या. सिलिकॉनचा साचा पाणी पीत नाही, पण नक्षीच्या खाचांत थेंब दडून बसतात आणि आयसोचं पाण्याशी भलतंच सख्य आहे. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो थेंब होता तिथे वस्तूच्या अंगावर देवीचे व्रण उठावेत तशी भोकं पडतात. मी पाण्याऐवजी मोहरी भरतो. ओतली, परत काढून मापात मोजली, काम झालं. आमच्या हेल्परला पहिल्यांदा वाटलं मी साच्याची दृष्ट काढतोय.

पावसाळ्यात हीच कटकट हवेतून येते. पॉलिओल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमके गणपतीच्या कामाच्या दिवसांत, झाकण अर्धवट ठेवलेला डबा आठवड्यात बिघडतो. उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. माहितीपत्रकातले सेकंद बहुतेक पंचवीस अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला माल त्याच्या आधीच उसळी मारतो आणि ग्लास तुमच्या हातातच राहतो. डबे घरातल्या थंड, कोरड्या खोलीत ठेवा आणि आधी कागदी ग्लासात छोटी चाचणी घ्या. फुगून थंड झालेल्या फोममधून पाच सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा कापा, त्याचं वजन ग्रॅममध्ये करा आणि आठने गुणा. तुमच्या मालाची मोकळी घनता हातात आली.

आता साचा. त्यासाठी लागणारं आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे ओतायचं रबर, सगळीकडे मिळतं. मूळ वस्तूला गंधक असलेली ऑइल क्ले लावली असेल आणि सिलिकॉन प्लॅटिनम जातीचं असेल, तर ते चिकटच राहतं, कधी सुकत नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यांनी सुद्धा तसं होतं. टिन जातीचं सिलिकॉन सोशिक असतं, पण ताज्या साच्यात लगेच फोम ओतू नका, एक-दोन दिवस त्याला निवू द्या. सिलिकॉनला काही चिकटत नाही, ही समजूत अर्धीच खरी. आयसो हळूहळू आत मुरतं. नग निघत जातात तसा साचा कडक होतो, मग फाटतो. रिलीज एजंटचा, म्हणजे चिकटू न देणाऱ्या द्रवाचा, हात मारला तर साचा जास्त दिवस टिकतो. नक्षी बारीक असेल तर आधी आतून रेझिनचा पातळ हात ब्रशने द्या आणि मग फोम ओता. फोमची स्वतःची कातडी नाकीडोळी तेवढी नीटस नसते.

माझा पहिला मोठा घोटाळा जॅकेटचा. फुगणारा फोम सिलिकॉनला बाहेर ढकलतो. रबर मऊ, ते पोट काढतं. म्हणून साच्याभोवती पीओपीचं किंवा फायबरचं भक्कम कवच, म्हणजेच जॅकेट, लागतं आणि ते आवळून बांधावं लागतं. मी घाईत पातळ पीओपी केलं होतं, दोऱ्याने बांधलं होतं आणि हवा जायला एकही भोक ठेवलं नव्हतं. माल तर "थोडा जास्तच असू दे" म्हणून मोप घातला. तिसऱ्या मिनिटाला कवचातून 'कट्' असा आवाज आला, तडा गेला आणि फटीतून फोम असा काही बाहेर यायला लागला, की आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. निघाली ती वस्तू खांबावरचं कमळ होती की फ्लॉवरचा गड्डा, हे मंडळाच्या अध्यक्षांनाही ठरवता आलं नाही. माझ्या बुटाच्या चामड्यावर अजून त्याचा ठिपका आहे.

तेव्हापासून साच्याच्या सगळ्यात उंच टोकांना तीन-चार मिलिमीटरची भोकं पाडतो. साचा जरा कलता ठेवतो, म्हणजे हवा त्या भोकाकडेच जाते. भोकातून फोमचा कोंब दिसला की ओतायचं तोंड फळीने झाकून वर वीट ठेवतो. मग हात लावत नाही. वेळेआधी साचा सोडला की पोटातला फोम अजून गरम आणि मऊ असतो, वायूचा जोर शिल्लक असतो, आणि बाहेर आल्यावर वस्तू फुगते. आमचा पहिला वरवंटा असाच पोट सुटलेला निघाला. दुसऱ्या वेळी मधोमध एक लोखंडी गज टांगला. त्याने थोडं वजन आलं, बाईंच्या हाताला खरेपणा आला.

एक चूक तर इतक्यांनी केलेली पाहिलीय की वेगळी सांगतो. खिडकी-दरवाजाच्या फटी बुजवायचा स्प्रे फोम मिळतो ना, नळी लावलेल्या डब्यात, तो साच्यात मारू नका. तो हवेतल्या ओलाव्याने सुकतो. बंद साच्यात त्याला ओलावा मिळत नाही. वरून कडक होतो, आत दिवसचे दिवस चिकट राहतो.

इथवर सगळं पैशाचं नुकसान झालं. आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो.

आयसोसायनेट म्हटलं की आपल्याकडे लोकांना भोपाळ आठवतं. आठवावंच. पण १९८४ च्या डिसेंबरात तिथे सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, झपाट्याने हवेत मिसळणारा. आपल्या डब्यात बहुतेक वेळा एमडीआय असतं. कूळ तेच, स्वभाव वेगळा. ते जड आहे, साध्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. म्हणून डबा उघडल्या उघडल्या काही होत नाही, वासही जेमतेम येतो. इथेच माणूस फसतो. मिश्रण तापलं, माल उडवला, बंद खोलीत दिवसभर काम केलं, की ते श्वासात जातं. आणि मग शरीर एखाद्या दिवशी त्याचा राग धरतं. दम्यासारखा त्रास सुरू होतो आणि पुढे अगदी जराशा संपर्कानेही छाती आवळते. एकदा शरीराने असा राग धरला की बहुधा तो सुटत नाही. त्या माणसाला हे काम सोडावं लागतं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाचं असं झालं. रात्री कोरडा खोकला, पहाटे घरघर. दिवसा ठीक. गावी चार दिवस गेला की एकदम बरा. आम्ही म्हणायचो, पुण्याची हवा बाधतेय. त्रास काम करताना न होता काही तासांनी, रात्री होतो आणि सुट्टीत कमी होतो, हीच या दुखण्याची खूण आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही आम्ही "डेकोरेशनचं काम करतो" एवढंच सांगितलं. त्यांना तरी कसं कळणार? सरकारला कळवायच्या व्यावसायिक आजारांच्या कायद्यातल्या यादीत आयसोसायनेटची बाधा नावानिशी आहे. पण गच्चीवर, गॅरेजमध्ये, मंडळाच्या मांडवात कारखान्याचा कायदा कुठून येणार? तिथे काळजी आपली आपणच घ्यायची.

म्हणून माझं स्पष्ट सांगणं. झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, बंद बाल्कनीत हे काम नको. लहान मूल असेल, घरात कुणाला दमा असेल, तर घरात नकोच. गच्ची किंवा अंगण घ्या आणि वारा तुमच्या पाठीमागून येईल असे उभे राहा. हातात नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा. तोंडाला रुमाल बांधून, किंवा कोविडच्या वेळचा उरलेला मास्क लावून, काही होत नाही. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. बरा मास्क आणि चार कार्ट्रिजं यांचा खर्च जड वाटत असेल, तर त्या कामात फोम परवडत नाही असं समजा. अंगावर आयसो सांडलं तर कोरड्या फडक्याने टिपून साबण-पाण्याने खूप धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि थेट दवाखाना गाठा.

थर्माकोलवाल्या कारागिरांना हात जोडून एक सांगायचंय. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यानंतर माझ्याकडे फोमची चौकशी करणाऱ्यांत मखरं कापण्यात हयात गेलेले हात दिसायला लागले. त्यांची सवय गरम तारेची. थर्माकोल तारेने वितळतो, लोण्यासारखा कापला जातो. पफ वितळत नाही. तो जळतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतो. तारेने पफ कधीही कापू नका, कितीही पातळ तुकडा असला तरी. करवत, चाकू, पॉलिश पेपर वापरा आणि तेव्हा मात्र तो धुळीचा मास्क लावा. त्याची पिवळी भुकटी केसात, भाकरीच्या डब्यात, सगळीकडे जाते.

आगीचंही तेच. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला एका नाइटक्लबमध्ये २००३ च्या फेब्रुवारीत शोभेच्या ठिणग्यांनी भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि शंभर माणसं गेली. तो मऊ जातीचा होता, आपला कडक, पण धूर दोघांचा जीवघेणाच. आपल्याकडे मखरापुढे समई असते, निरांजन असतं, कापूर असतो, मागे लायटिंगच्या स्वस्तातल्या माळा असतात. पफचं मखर केलंच तर त्या ज्योतींपासून लांब ठेवा. वरून रंग दिला म्हणजे तो जळायचा थांबत नाही.

उरलेल्या मालाचंही बघा. एकदा मी बादलीभर मिश्रण एकदम केलं आणि अर्धं उरलं. मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने आत तापतो. तासाभराने बादलीतून तपकिरी धूर येत होता. कापल्यावर मधला भाग करपलेला, पोळीच्या काठासारखा. ती बादली कागदाच्या रद्दीशेजारी होती, हे आठवलं की अजून घाम फुटतो. म्हणून छोटे छोटे घाणे करा आणि उरलेलं उघड्यावर, पातळ पसरून निवू द्या. आयसोच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून झाकण घट्ट लावू नका. आत वायू तयार होत राहतो आणि डबा फुटतो. मोरीत, गटारात तर ओतूच नका.

दुकानात कुणी जुन्या पॅकिंगचा स्वस्त माल पुढे केला तर तारीख विचारा. फोम फुगवायला एचसीएफसी-१४१बी नावाचं रसायन वापरायचे. ते ओझोनच्या थराला खातं म्हणून भारताने १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद केली. तुमच्या दुकानदाराला हे माहीत नसेल, पण जुना डबा फुगतही नाही नीट, तेवढं कारण पुरे आहे. आणि "थर्माकोल नाही, म्हणजे इकोफ्रेंडली" ही पाटी कृपा करून लावू नका. पफ पाण्यात विरघळत नाही, मातीत कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. विसर्जनाची मूर्ती याची करायचीच नाही. वर्षानुवर्षं वापरायची नेपथ्याची वस्तू, संग्रहालयातली प्रतिकृती, जिथे वजन कमी हवं आणि वस्तू जपून ठेवली जाणार आहे, तिथे पफ शोभतो.

घरच्या गणपतीसाठी चार कमळं हवी असतील तर कागदाचा लगदा घ्या, डिंक घाला. फक्त तो सिलिकॉनच्या साच्यात घालू नका. रबर पाणी शोषत नाही, लगदा आठवडाभर ओला राहतो आणि बुरशी धरतो. पीओपीचा साचा करा, तो पाणी पिऊन टाकतो. मुलांनाही बसवा शेजारी, हात बरबटू द्यात.

आणि तरीही पफच करायचा असेल, तर डबे घेतल्याबरोबर दोन्ही लेबलांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पुढे कधी रात्रीचा खोकला सुरू झाला, तर डॉक्टरांसमोर "डेकोरेशन" म्हणू नका, तो फोटो दाखवा.